धाकटीनं न सांगितलेलं दुकान

थोरली कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात बसायची. वर लोक तयार कपडे विकत घ्यायचे आणि ते अंगाला नीट बसले नाहीत, की खाली तिच्याकडे यायचे. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. सगळा जन्म दुसऱ्याच्या शिलाईची टीप उसवण्यात चाललेला. तिची धाकटी बहीण मात्र घरच्या घरी कोट शिवायची, पहिल्या कात्रीपासून शेवटच्या काजापर्यंत स्वतःचे.

नवा कोट झाला की धाकटी तो आधी ताईला दाखवायला आणायची. थोरली तो उजेडाकडे धरायची, फिरवून बघायची आणि म्हणायची, "छान झालाय. पण डावा खांदा उतरलाय गं." खांदा खरंच उतरलेला असायचा, त्यामुळे आपण काही वावगं बोललो असं तिला वाटायचं नाही. उलट तासभर बरं वाटायचं. संध्याकाळी मात्र पुन्हा जळफळाट सुरू. हिला गिऱ्हाइकं नावानं हाक मारतात, मला नुसतं 'ओ बाई'.

एकदा जेवताना नवरा सहज बोलून गेला, "धाकटीनं दुकान झकास लावलंय हां. आरसा तर भिंतभर."

"कुठलं दुकान?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "महिना झाला की. मला वाटलं, तुला माहीत असेल."

आईला माहीत होतं. आत्याला माहीत होतं. समोर राहणाऱ्या शिक्षिकेनं तर तिथे कोट शिवायलाही टाकला होता. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधी दुकानाचा हेवा वाटला, मग ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांचा.

"सख्ख्या बहिणीला सांगू नये?"

"सांगून काय ऐकायचं होतं तिनं?" नवरा म्हणाला. "तू जाऊन आरशावरचा डाग दाखवला असतास."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात गेली ती खोट काढायची म्हणूनच. लांबलचक टेबल, मोठ्या खिडकीतून येणारा उजेड, ओळीनं टांगलेले कोट. एकाचं अस्तर तळाशी आकसलेलं तिला दारातूनच दिसलं. शब्द अगदी जिभेवर आला. तेवढ्यात तिनं धाकटीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून, ओठ दाबून उभी होती, सुई टोचून घ्यायला दंड पुढे केल्यासारखी.

थोरलीनं शब्द गिळला. मग खुर्ची ओढून बसली.

"मला तुझा हेवा वाटतो गं. आत्ताही वाटतोय. हे टेबल बघून तर रडूच येतंय."

धाकटीनं हाताची घडी सोडली. म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझं काम आवडतच नाही."

"आवडतं. म्हणूनच तर पोटात दुखतं."

"मग तू का नाही शिवत स्वतःचं काही?"

"शिवला कोट, आणि कुणी म्हणालं खांदा उतरलाय, तर?"

आपलेच शब्द ऐकून थोरली चपापली. धाकटीला हसू आवरेना. "मी म्हणेन ना," ती म्हणाली. "एकदा तरी म्हणू दे मला."

सुटीच्या दिवशी थोरली तिथे जाऊन बसू लागली. पहिल्या कोटाची कॉलर तिनं इतक्यांदा उसवली की कापडच विरलं, आणि नवं आणावं लागलं. दुसरा कोट विकला गेला. वर्षाच्या आत तिनं तळघरातली नोकरी सोडली आणि खिडकीशी स्वतःचं मशीन मांडलं.

हेवा काही गेला नाही. एखादं गिऱ्हाईक आत आलं आणि तिच्याकडे न बघता सरळ धाकटीकडे गेलं, की छातीत चर्रर्र व्हायचं. पूर्वी ती डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेली असती. आता गिऱ्हाईक गेलं की ती सरळ सांगायची, "आज फार जळायला होतंय बघ."

"चहा ठेवते," धाकटी म्हणायची. "तोवर तेवढी बाही जोडून घे."

आणि ती बाही जोडायला घ्यायची.