सात जुने बोर्ड आणि लिनक्स

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बीडच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. पुण्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यानं आम्हाला सात जुने बोर्ड दिले होते. बोर्ड म्हणजे वहीएवढा उघडा कॉम्प्युटर, त्याला ना डबा ना पडदा. प्राचार्य म्हणाले, "चालवून दाखवा, नाहीतर भंगारात काढू." लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, फुकट मिळायचं, एका मासिकासोबत त्याची सीडी आली होती, म्हणून मी हो म्हणाले. पुढचे पाच महिने त्या एका होकारात गेले.

तास संपले की मी प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. सोबतीला तिथले मदतनीस, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता निवृत्तीला आले होते. बोर्डाला वायर जोडायची आणि तो काय म्हणतो ते दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघायचं, एवढंच काम. पण पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं यायची. मी वायर बदलली, पुस्तकं चाळली, लिनक्स पुन्हा पुन्हा भरलं. मध्येच लाइट जायची, की पहिल्यापासून सुरुवात. घरी गेल्यावर जेवतानासुद्धा बोलावंसं वाटायचं नाही.

एके दुपारी मामांनी एक बोर्ड खिडकीशी नेला आणि भिंग लावलं. बोर्डाचा वेग ठरवणारा एक छोटा भाग असतो, क्रिस्टल. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मॅडम, हे कुणीतरी मागून बसवलंय. सोल्डरचा डाग बघा. आकडाबी येगळा हाय, आपण धरलाय त्यो न्हाई."

"म्हणजे हा वेगळ्याच वेगानं बोलतोय?"

"लई दिसांपासून बोलतोय. आपल्यालाच कळंना."

मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेगाचा आकडा बदलला. पडद्यावर अक्षरं सरळ उमटली. तरी लिनक्स अर्ध्यात अडकायचं. मेमरीचा निम्मा भाग खराब निघाला, तो सोडून द्यायला लिनक्सला सांगितलं. त्यात आणखी दोन आठवडे गेले. शेवटी एका बोर्डाकडून लॉगिनची ओळ आली, म्हणजे लिनक्स चालू झालं. मामा ती ओळ कितीतरी वेळ बघत राहिले. मला मात्र आनंदाऐवजी झोप येत होती.

अहवालात मी क्रिस्टलचा शोध मामांच्या नावावर लिहिला. प्राचार्यांनी ते वाक्य खोडलं. "मदतनिसांची नावं अहवालात घालत नाहीत," म्हणाले. मी भांडायला हवं होतं. मी ते पान त्या वाक्याशिवाय मुकाट्यानं पुन्हा टाइप केलं.

त्याच महिन्यात मामा निवृत्त झाले. उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी, पालीला गेले. ते वांग्यांना पाणी देत होते. चहा झाल्यावर मी सांगून टाकलं.

"मामा, अहवालात तुमचं नाव नाही. खोडलं, आणि मी गप्प बसले."

"मला वाटलंच व्हतं," म्हणाले. "पर तुमी का म्हून गप बसलात?"

"थकले होते."

मामा उठले, चार वांगी तोडून माझ्या पिशवीत घातली आणि फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी येईपर्यंत आम्ही दोघं उन्हात उभे होतो.