खिडकीबाहेरून बांधलेला सर्व्हर

मला माफ करा. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती महाराष्ट्रातल्या माणसाने ऐकली तर तो हसतो, म्हणतो, जुन्या पोथीसारखं बोलता तुम्ही. पोथी आमच्या घरात कधी नव्हती. शाळेत सगळं तमिळ. देवनागरी अक्षरं मी मोबाइलवर शिकलो आणि ही लिहायची मराठी वाचून वाचून अंदाजाने जमवली. चुकलं तर समजून घ्या. हे मी तमिळमध्ये लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. पण मग मराठी वाचणारे म्हणाले असते, मराठी लोकांत असलं काही नसतं. म्हणून मराठीत लिहितो.

कुंभकोणमला मेलकावेरीत एक मोठं घर आहे. पुढच्या भागात ट्रस्टची कचेरी, मागे राहती माणसं. तिथे कॉम्प्युटरच्या कामासाठी पहिल्या दिवशी मी धुतलेला शर्ट घालून गेलो. चपला फाटकापाशी काढल्या. ट्रस्टचे अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. तंजावूर दरबारच्या कारकुनी घराण्यातले. सगळे त्यांना थोरले रायर म्हणतात, म्हणजे थोरले राव. मी ‘सामी’, म्हणजे स्वामी, म्हणालो. माझे अप्पा तसं म्हणतात, आजोबाही म्हणायचे.

“कोणाचा रे तूं?”

मी अप्पांचं नाव सांगितलं.

“बसस्टँडपाशीं चपला शिवतो तो?”

“होय सामी.”

“तरीच मराठी बोलतोस. बरें.” त्यांनी लोंबते पाय झोपाळ्यावर ओढून घेतले. मग घराशेजारच्या बोळाकडे बोट केलं. “तिकडून जा. खिडकीपाशीं उभा राहा. तेथूनच सांग.”

मला कळलं नाही. मी विचारलं, “सामी, कीबोर्ड?”

“सून दाबेल. तूं सांग.”

आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर घोड्यांची खोगिरं शिवायला आले, असं आमच्यात सांगतात. राजे गेले. घोडे गेले. चामडं राहिलं. त्यांचे पूर्वज त्याच राजांचे कागद लिहायला आले. म्हणजे आलो सगळे एकाच वाटेने. पण ते दारातून आत आहेत आणि मी बोळात.

त्या घरात ताडपत्रं आणि मोडी कागदांची कपाटं आहेत. ट्रस्टने ती सगळी स्कॅन करून घेतली होती. आता त्यांना डिजिटल भांडार हवं होतं. कोणी कुठूनही नाव टाकून शोधावं आणि कागद समोर यावा, असं. त्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात ते मुक्तस्रोत असतं. विकत घ्यावं लागत नाही. कोणीही उतरवून घ्यावं, उघडून आतलं पाहावं, बदलावं, आपल्या यंत्रावर बांधावं. परवान्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, कोणालाही मनाई नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या यंत्रावर मी ते बांधून पाहिलं होतं. म्हणून ग्रंथालयाच्या सरांनी मला इथे पाठवलं. हाच माझा शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट. काम पुरं झाल्याचा दाखला रायरांनी सही करून द्यायचा. दाखला नाही तर गुण नाहीत, गुण नाहीत तर डिग्री नाही. चेन्नईच्या एका कंपनीने मुलाखतीत मला निवडलं होतं, डिग्रीच्या अटीवर. आमच्या घरात त्या सहीची वाट सगळे पाहत होते. अम्मा तर शेजारणींना सांगून मोकळी झाली होती.

सर्व्हर ठेवला होता कपाटांच्या खोलीत, कारण एसी आणि इन्व्हर्टर तिथेच होता. ती खोली देवघराला लागून. सोवळ्यातली. मी तिथे जाणं शक्यच नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही.

बोळात गटार वाहत होतं. ऊन थेट मानेवर. खिडकीला गज. आत रायरांची धाकटी सून खुर्चीवर बसायची. तिरुक्करुगावूरची, बी.कॉम. झालेली. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. स्क्रीन तिच्याकडे, तिची पाठ माझ्याकडे.

“तंबी, आतां काय?”

“एम, व्ही, एन. मग स्पेस.”

“किती स्पेस?”

“एकच अक्का.”

“एकच दिली की. रागावतोस कां?”

“नाही अक्का. मग पॅकेज. सगळी धाकटी अक्षरं.”

“धाकटी म्हणजे माझ्यासारखी. दाबून ठेवलेली.” ती हसली. मीही हसलो. ती वाईट नव्हती. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसांनीच केलं असं नाही.

बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग इंटरनेटवरून आणून एकत्र जोडणं. त्याला वेळ लागतो, आणि एक भाग जुना असला तरी सगळं कोसळतं. ते रोज कोसळायचं.

“लाल लाल येतंय रे बाबा! मिरच्या वाळत घातल्यासारखं.”

“काय लिहिलंय अक्का? वाचा ना.”

“मज कळत नाही तें. फोटो काढतें.”

ती मोबाइलवर फोटो काढायची, मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, हात मागे घ्यायची. मग मी उचलायचा. पाहून झालं की मी ठेवायचा, हात मागे घ्यायचा. मग ती उचलायची. तिच्या पदराच्या टोकाने पुसायची. असं दिवसभर.

कॉफीच्या वेळी आतल्यांना पितळेच्या डवऱ्यातून, म्हणजे खोलगट वाटीतून, कॉफी. मला त्याच कट्ट्यावर कागदी कप. कागदी कप स्वच्छ असतो म्हणतात. खरं आहे. धुवावा लागत नाही, वेगळा ठेवावा लागत नाही, कोणाला काही बोलावं लागत नाही. आजोबांना नारळाची करवंटी मिळायची. माझ्या वेळेपर्यंत कप आला. एवढी प्रगती झाली.

एकदा धीर करून मी रायरांना म्हणालो, “सामी, कॉलेजमधूनच करता येईल. माझ्या यंत्रावरून या यंत्रात शिरायची सोय असते. मला इथे यायलाही नको.”

ते म्हणाले, “दारांतून नाही, तर तारेंतून घुसतोस?”

झोपाळ्याभोवतीची माणसं हसली. मी पुन्हा बोळात गेलो.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, “तंबी, ॲडजस्ट कर. मोठी माणसं आहेत. सही झाली की पळ तिथून.” अप्पांना सांगितलं. अप्पा वादी ओढत होते. वर न पाहता म्हणाले, “आंत पाय ठेवूं देत नाहींत तर बाहेर ठेव. सही घेऊन ये.”

मी बाहेर ठेवला. आणि एक गोष्ट झाली ती सांगायला मला लाज वाटते. मला कीबोर्डचा आवाज ओळखू यायला लागला. अक्काने स्पेस दोनदा दाबली की मला न पाहताच कळायचं. एंटर लवकर दाबलं की मी बाहेरून ओरडायचो, “नको!” ती म्हणायची, “तुज कसं रे कळतं?” आणि मला अभिमान वाटायचा. गजाबाहेर उभं राहण्यात मी पटाईत होत होतो. मला तिथे ठेवणाऱ्यांना आता काही करावंच लागत नव्हतं.

शेवटी बिल्ड पुरं झालं. डेटाबेस जोडला. पान उघडलं. कागद चढवले. पण शोधलं की काहीच येईना. कागद आत आहेत, आणि शोधणाऱ्याला रिकामं पान. शोधाची सूची बनतच नव्हती. कुठे तरी एखाद्या फोल्डरची परवानगी चुकली असणार. ते ऐकून कळत नाही. पाहावं लागतं. दिवसांमागून दिवस मी खिडकीतून विचारत राहिलो, अक्का टाइप करत राहिली. सत्र संपत आलं होतं.

एके दिवशी रायर तिरुप्पनंदाळच्या मठात गेले. घरची सगळी पुरुषमाणसं बरोबर. अक्का खिडकीशी आली, आवाज खाली केला.

“ये रे आंत. पटकन. कोणी नाही.”

“नको अक्का.”

“सही पाहिजे ना तुज? मग ये.”

मी गेलो. मागच्या दाराने. खुर्चीवर बसलो. पहिल्यांदा माझे हात त्या कीबोर्डवर. स्क्रीन केवढी जवळ होती! चूक मला लगेच दिसली. सूचीचं फोल्डर एका वापरकर्त्याच्या नावावर होतं आणि सर्व्हर चालत होता दुसऱ्याच्या. मालकी बदलली, सूची पुन्हा बांधायला लावली. शोधाच्या चौकटीत ‘कावेरी’ लिहिलं. कागदांमागून कागद आले. अक्का टाळी वाजवून म्हणाली, “अय्यो तंबी, झालं की रे!” मीही हसत होतो. स्वयंपाकी दारात उभा होता ते आम्हांला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच स्वयंपाकी मला बोळात भेटला. हसू त्याला आवरत नव्हतं. “ये ये. काल तुझ्या यंत्राला न्हाऊ घातलं उपाध्यांनी. पंचगव्य. डोक्यावरून.”

“बंद करून?”

“बंद कशाला? देवाला काय बंद करून न्हाऊ घालतात?”

खोलीची शुद्धी केली होती. खुर्चीची केली. मग ज्या यंत्राला माझा हात लागला त्याची. वरच्या जाळीतून दूध, दही, गोमूत्र आत गेलं. फट् असा आवाज झाला म्हणे, आणि धूर. स्कॅन वेगळ्या डिस्कवर होते म्हणून वाचले. बांधलेलं सगळं गेलं.

मला झोपाळ्यासमोर बोलावलं. सर आधीच येऊन बसले होते. त्यांच्या हातात पितळेचा डवरा. तिपाईवर माझा दाखला, टाइप केलेला, वर पेन.

“याचा हात लागला,” रायर सरांना म्हणाले, “आणि यंत्र गेलें. पाहा.”

सरांनी मान हलवली. कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक माझ्या हातात पहिल्यांदा ठेवणारे सर. त्यांनी मान हलवली.

मी म्हणालो, “पंचगव्य गेलं आत, सामी.”

“गप्प. कोणी बोलावलं तुज आंत?”

मी अक्काकडे पाहिलं. ती चौकटीला धरून उभी होती. सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

“मज ठाऊक नाही,” ती म्हणाली. “मी वर होतें.”

मला तिचा राग आला नाही. तिलाही त्याच घरात राहायचं होतं. पण मला एक गोष्ट स्वच्छ दिसली, स्क्रीन दिसली होती तशी. कोणी नसताना मला आत बोलावणं आणि सगळे असताना खिडकीत उभं करणं, दोन्ही एकच. दोन्हीकडे मी त्यांच्या सोयीने होतो आणि त्यांच्या सोयीने नव्हतो.

रायर म्हणाले, “अंगणांत आडवा हो, माफी माग. नवें यंत्र येईल. खिडकीपाशीं उभा राहून पुन्हां सगळें सांग. मग ही घे सही.”

पेन तिथेच होतं.

“नाही,” मी म्हणालो. “रायर, मी पुन्हा बांधून देईन. पण दारातून येईन आणि खुर्चीवर बसेन. नाहीतर नाही.”

सामी म्हणालो नाही. सगळ्यांनी ते ऐकलं. झोपाळा थांबला.

सर उठले. “तंबी, वेडा आहेस का? सॉरी म्हण आधी.”

“कशाबद्दल सर?”

ते पुन्हा बसले. रायर हसले. “जा. चपला शिवायला डिग्री लागत नाही.”

मी चपला घातल्या आणि चालायला लागलो.

अप्पा दोन दिवस वर न पाहता वाद्या ओढत राहिले. मग म्हणाले, “मी आयुष्यभर खालीं बसून वर पाहिलें. काय झिजलें माझें?” मी म्हणालो, “मान, अप्पा.” ते उठून बाहेर गेले. अम्मा रडली. शेजारणी विचारतात, चेन्नईला कधी? ती म्हणते, होईल.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. खिडकी, कप, पंचगव्य, सगळं. त्यांनी ती परत घ्यायला सांगितली. मी घेतली नाही. मग वाट पाहिली. कोणी बोलावलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. वर्गातली मुलं माझ्याशी हळू आवाजात बोलायची.

काल दुपारी निकाल लागला. वर्गातल्या एकाने फोन केला. इतर विषय वाचताना त्याचा आवाज मोठा होता, सगळ्यांत पास. मग आवाज खाली आला.

“प्रोजेक्टसमोर गुण नाहीत रे. गैरहजर लिहिलंय.”

“नीट पाहा.”

“पाहिलं. गैरहजर. कंपनीचाही मेल आलाय कॉलेजात, तुझं नाव काढलंय.”

म्हणजे त्या बोळात, त्या उन्हात कोणी उभंच नव्हतं. बरं. सोमवारी तंजावूरला कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारींचे अर्ज घेतात. मी जाणार आहे. अर्जात माझं नाव आहे, अप्पांचं आहे, जात आहे, त्या घराचा पत्ता आहे. अप्पा येणार नाहीत म्हणाले. मी एकटा जाईन. सोमवारी घेतला नाही तर पुढच्या सोमवारी.