सुशीला असण्याची पाळी

२०१४ साली मी गाव सोडलं, तेव्हा मला एसटीत बसवून द्यायला आई आली नाही. थोरली आली. त्या दिवशी सुशीला असण्याची पाळी थोरलीची होती.

गावातून माझ्यासारख्याच निसटलेल्या पोरींनो, तुम्हाला हे वाक्य समजावून सांगायला नको. पण तुमच्याशेजारी जी माणसं आता राहतात, डब्लिनला, गॉलवेला, पुण्यात, त्यांना सांगायला हवं. आमच्या गावावर पंथाचं राज्य. पंथाच्या प्रमुखाला धनी म्हणायचं. पुरुषाने दोन-तीन बायका करणं हे पंथात पुण्य आणि कायद्यात गुन्हा. धन्यांनी त्यावर एका ओळीत तोडगा काढला होता: ‘चूल एक, नाव एक.’ दुसरी बायको घरात आली की तिचं माहेरचं नाव पुसायचं आणि पहिलीचं नाव तिला लावायचं. वडिलांची पहिली बायको, थोरली, सुशीला; म्हणून धाकटी, माझी आई, तीही सुशीला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात माझ्या वडिलांची बायको एकच. ग्रामसेवक बाहेरून बदलून यायचा आणि महिन्याभरात धन्यांचा होऊन जायचा. निवडणूक दर खेपेला बिनविरोध. त्याबद्दल गावाला बक्षीससुद्धा मिळालेलं. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा धन्यांच्या तिघी बायका आळीपाळीने त्या खुर्चीत बसल्या. सही तिघींची सारखीच.

नियम एकच होता. एका घरातल्या दोन सुशीला एकाच वेळी चारचौघांत दिसता कामा नयेत. आधारचं शिबिर पंचायतीच्या सभागृहात भरलं, तेव्हा बोटांचे ठसे द्यायला थोरलीच गेली.

मला डॉक्टर होऊ दिलं, कारण धन्यांच्या दवाखान्याला घरची डॉक्टरीण हवी होती. परदेशात अनुभव घेऊन परत येते, अशी थाप मारून मी निघाले. निघताना आईने शेंगदाण्याचे लाडू पिशवीत कोंबले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून म्हणाली, “मला ने. कशी बी ने, पर हितनं ने.”

“दोन वर्षांत नेते,” मी म्हणाले. त्या वेळी माझा माझ्यावर फार विश्वास होता.

आयर्लंडमध्ये किलकेनीत हॉस्पिटलला लागले. भाड्याचं घर घेतलं. कपाटाला प्रेस म्हणायला शिकले, आणि कोणी कसं काय विचारलं की तापात असले तरी ‘ग्रँड’ म्हणायला शिकले. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी मोदक वळायचे आणि आईवडिलांचा विषय निघाला की भांडी घासायला उठायचे. लोक म्हणायचे, काय कामसू मुलगी आहे.

२०१६ मध्ये थोरली गेली. थोरली दुष्ट असती तर ही गोष्ट सांगणं सोपं झालं असतं. पण आई शेतात राबायची आणि मला न्हाऊ घालायची थोरली. वेणी घालताना इतकी घट्ट आवळायची की डोळे तिरळे व्हायचे. मी रडले, अगदी मनापासून. सुट्टी मागायला गेले तेव्हा ऑफिसातल्या बाईने कोण गेलं म्हणून विचारलं. थोरलीला इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, “आई.”

सगळे किती चांगले वागले! वॉर्डातल्या नर्स ब्रीडाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इथल्या रीतीप्रमाणे म्हणाली, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” तिने चर्चमधून एक कार्ड आणलं. मेलेल्या माणसाचं नाव त्यावर लिहितात आणि त्या नावाने प्रार्थना होते. तिने विचारलं, मी ‘सुशीला’ सांगितलं, तिने वळणदार अक्षरात लिहिलं.

सुट्टीच्या कागदांना मृत्यूचा दाखला जोडायचा होता. वडिलांना फोन केला तर ते चाचरले. “नोंद कशापायी करायची? धाकटी हाय की. नाव चालू राहील.” आमच्याकडे तीच पद्धत. एक सुशीला गेली की दुसरी तिच्या नावावर जगत राहते. पण मी आता युरोपातली डॉक्टर ना! मी फोनवर ओरडले, “माणूस मेलं की नोंद व्हायलाच पाहिजे. एवढा तरी मान द्या तिला.” आठवड्याने दाखला आला. त्यावर पंचायतीचा गोल शिक्का होता. मी तो ऑफिसात जमा केला आणि कर्तव्य केल्याचं समाधान मानलं.

काय केलं ते मला दोन वर्षं कळलं नाही. इतकी शिकलेली बाई, पण गावचं साधं गणित सुटलं नाही.

२०१८ मध्ये आईचा पासपोर्ट काढायला घेतला. रहिवासी दाखल्यासाठी अर्ज पाठवला. पंचायतीचं उत्तर आलं: ‘सदर महिला मयत असल्याने दाखला देता येत नाही.’ सोबत माझ्याच मागणीवरून दिलेल्या दाखल्याची प्रत. मी तहसीलदारांना लिहिलं, सुशीला दोन होत्या, एक जिवंत आहे. तो अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पंचायतीकडेच गेला. ग्रामसेवकाने तो आमच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचला. त्याच दिवशी आईचा फोन काढून घेतला.

इकडे मी ब्रीडाला आधीच आनंदाने सांगून बसले होते की माझी आई येणार आहे. ती गोंधळली. “बट युअर मॅम डाइड, गॉड रेस्ट हर?”

नंतर वडिलांनी लग्न केलं. दप्तरात ते आता विधुर होते, त्यामुळे हे लग्न अगदी कायदेशीर झालं. मुलगी वीस वर्षांची, नाव रेखा. चूल एक, नाव एक. दप्तरातली बायको आता रेखा, म्हणून माझी पंचावन्न वर्षांची आईही रेखा झाली.

२०१९ मध्ये एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वडिलांचा फोन आला. “रेखा गेली.”

वीस वर्षांची पोर! मी विचारलं, “बाळंतपणात का?” वडिलांचं सांत्वनही केलं. बोलताना मनात काय आलं तेही सांगून टाकते: आता घरात रेखा म्हणून एकटी आईच राहिली, आता कदाचित त्या नावावर तिला बाहेर काढता येईल.

वडील म्हणाले, “ती न्हवं. धाकटी.”

तीन दिवस ताप, खोकला, श्वासाला घरघर. मी रोज असे पेशंट बरे करून घरी पाठवते. धन्यांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता आणि सरकारी दवाखान्यात आधार विचारतात, म्हणून तिला नेलं नाही. धन्यांचा अंगारा लावला. मृत्यूची नोंदही झाली नाही, कारण दप्तरातली रेखा जिवंत आहे.

सुट्टी मागायला मी गेले नाही. कोणासाठी मागणार? माझी आई त्यांच्या फायलीत तीन वर्षांपूर्वीच मेली होती. दुपारचा राउंड घेतला. संध्याकाळी ब्रीडाला मात्र सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी तिने नवं कार्ड आणलं, पेन उघडलं आणि विचारलं, “व्हॉट नेम विल आय पुट, लव्ह?”

सुशीला थोरलीचं. रेखा त्या पोरीचं. आईचं स्वतःचं, माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. तिचं बीपी मला माहीत होतं, गुडघा कोणता दुखतो ते माहीत होतं. तिचा फोन काढून घेईपर्यंत चार वर्षं मी तेवढंच विचारत आले. वडिलांना फोन केला. “कुणाच्या ध्यानात हाय?” ते म्हणाले. “धाकटीच म्हणायचो की.”

आता माझं स्वतःचं घर आहे, इथेच, किलकेनीत. चावी माझ्याकडे, दारावर माझं नाव. ते कार्ड प्रेसमध्ये बशांच्या मागे ठेवलं आहे, कोरंच. गावाकडे माझं घर म्हणावं असं काही उरलं नाही. ती होती तोवर होतं.

पोरींनो, तुमच्यापैकी कोणाची आई अजून तिकडे असेल, तर आज फोन करा. तब्येत नंतर विचारा. आधी नाव विचारा.