तिचा चौथा फाऊल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. कुठून सुरुवात करू? — त्या फळ्यापासूनच करते.

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात बास्केटबॉल स्पर्धेचा लाकडी फळा आहे. डावीकडे विजेते, उजवीकडे उपविजेते. उजवीकडे आमचं नाव इतक्यांदा, की मुली म्हणायच्या, "ती बाजू आपल्याच सातबाऱ्यावर आहे."

शीतल हसायची नाही. पाचोडहून एसटीनं येणारी, सात नंबरच्या जर्सीतली शीतल. "यंदा आपलं नाव डावीकडं न्यायचं, मॅडम." मॅडम म्हणजे मी — इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. खेळता येत नव्हतं, म्हणून गुणलेखनाच्या टेबलावर बसायचे. खरं सांगू? तिथून ती दिसायची.

फायनल आमच्याच मैदानावर होती. फाऊल झाला की पंच बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतात. तो तिचा कितवा, ते टेबलावरून पाटी उंचावून सांगायचं. पाचव्याची पाटी लाल — खेळाडू बाहेर.

पूर्वार्धात पंचांनी आठ बोटं दाखवली — फाऊल आमच्या आठ नंबरचा. मी शीतलकडे बघत होते — नेहमीसारखी. फाऊल तिच्या नावावर धरला. लगेच कळलं. पण सामना थांबवायचा म्हणजे उभं राहून बोलायचं. मध्यंतरात सांगू, म्हटलं. मध्यंतरातही नाही सांगितलं.

शेवटच्या मिनिटांत आम्ही पुढे होतो. शीतलचा फाऊल झाला आणि मी लाल पाटी वर केली. ती धावत आली. "मॅडम, चौथाच हाय माझा. सांग की त्यांना!" पलीकडच्या संघाचे ओरडत होते, "टेबल यांचंच आहे, आता आकडा बदलतील!" पंचांनी विचारलं, "पाचवा, नक्की?"

मी मान हलवली. हो.

एका बास्केटनं हरलो.

संध्याकाळी मी तिच्यासोबत बस स्टँडपर्यंत गेले — सांगायचं ठरवून. एसटी लागली. पायरीवर चढताना तीच म्हणाली, "माझंच मोजायचं चुकलं असंल. तू कशाला खोटं सांगशील?"

गाडी हलेपर्यंत मी उभी होते.

आता ती कुठे आहे, मला माहीत नाही. पाचोडची पाटी लावलेली एसटी दिसली की मी अजून खिडक्या बघते. फळ्यावर त्या वर्षीही आमचं नाव उजवीकडेच आहे.

तो तिचा चौथाच होता.