मामांनी गाठ विचारली नाही

उंच झाडांच्या फांद्या छाटणाऱ्या त्या टोळीत मामांना सगळे पाठीमागे ‘गाठमामा’ म्हणत, आणि मामांना ते चांगलं ठाऊक होतं. कोणी वर चढायला निघालं की मामांचा एकच सवाल.

“गाठ?”

म्हणजे, दोराच्या मोकळ्या टोकाला जाडजूड गाठ मारलीस का? “मारली” म्हणून ती दाखवायची, मगच पाय उचलायचा. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरातून कोणी चपला घालून निघालं तरी तोंडातून निसटायचंच. मामी म्हणायच्या, “तुमच्याशी मारली तेवढी पुरे झाली!”

सवयीचं कारण होता मामांचा डावा गुडघा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना मागचा दोर कमरेच्या पट्ट्यावरच्या सरकगाठीतून हळूहळू सोडत जावं लागतं. टोकाला गाठ नसली, तर दोर संपताच टोक सुर्रकन निघून जातं, आणि माणूस पुढच्या दोरावर झोका घेऊन समोरच्या बुंध्यावर आदळतो. मामा आदळले होते. तेव्हापासून अकरा वर्षं ते जमिनीवरूनच काम सांभाळत होते.

त्यांचा मुलगा स्टुलावर चढून दिवा बदलतानाही भिंत धरायचा. दोर धरला तो सुनेने. आधी ती उंच इमारतींच्या काचा पुसायची, त्यामुळे उंचीचं भय नव्हतं. “पण काच एका जागी उभी राहते, मामा,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती. “हे झाड तर डुलतंय!”

आता वर्ष होत आलं होतं. ग्रंथालयाच्या आवारात एका झाडाची वाळकी फांदी छपरावर झुकली होती. बुंध्याशी गांधीलमाश्यांचं पोळं, म्हणून खालून चढायची सोय नाही. शेजारच्या झाडावरून जायचं होतं. सुनेची ही पहिलीच अशी खेप.

पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, “मामा, एक ऐकाल? आज विचारू नका.”

“काय?”

“तेच. तुम्ही विचारता म्हणून मी मारते. तुम्ही नसाल तेव्हा मला कोण विचारणार?”

मामांना राग आला. मग तो गेला, कारण बोलणं खरं होतं. पुढच्या आठवड्यात तिला त्यांच्याशिवाय कामावर पाठवायचं की नाही, हे त्यांनाच ठरवायचं होतं.

“बरं,” ते म्हणाले, आणि ओठ मिटले.

ती वर गेली. काम आटपल्यावर दुसऱ्या झाडावरून, पोळ्यापासून लांब, दोरानेच उतरायचं होतं, म्हणून लांब दोर तिकडच्या फांदीवरून टाकला. पहिल्या झाडासाठी मामांनी आखूड, हलका दोर पाठवला. त्यासाठी दोन बुंध्यांमधली पावलं मोजली होती, सात. दोर फांदीवरून दुहेरी जातो म्हणून चौदा, वर थोडा सैल. झालं.

ती निघाली. पुढचा दोर आवळायचा, मागचा सोडायचा. खालून तिचे बूट दिसत होते, चेहरा दिसत होता, पण मागच्या दोराचं टोक पानांत दडलेलं. मामा डावीकडून बघून आले, उजवीकडून बघून आले.

ग्रंथपाल बाई खिडकीतून म्हणाल्या, “काही हरवलंय का तुमचं?”

“नाही हो,” मामा म्हणाले. तोंडात शब्द गुळणीसारखा भरला होता. एकदा विचारलं तर काय बिघडलं? पण एकदा विचारलं की सगळंच बिघडलं.

ती मधोमध पोचली. थोडी पुढे सरकली. आणि खाडकन थांबली.

मामांच्या एका क्षणात लक्षात आलं. दोर संपला. पावलं त्यांनी जमिनीवरून सरळ मोजली होती, पण दोर उंच बेचक्यातून तिरका येत होता. इतक्या वर्षांचा माणूस, एक प्रश्न गिळण्याच्या नादात साधं माप विसरला. आणि आता टोक...

टोक निसटलं नाही. ती दोन झाडांमध्ये हलकेच डुलत राहिली.

“मामा!”

मामा लंगडत तिच्या खाली आले.

“अहो मामा, आता विचारा!”

“गाठ?” ते कसंबसं म्हणाले.

“मारली!” वरून हसू आलं. “तिच्यावरच लटकलेय. पण दोर कोणी दिला हा?”

“मी! माझी चूक. तिरकं धरलंच नाही. परत फीर, सूनबाई, सावकाश. दुसरा दोर देतो.”

ती परत फिरली. मामांनी दुसरा दोर वर पाठवला, आणि पाठवण्याआधी दोन्ही हात पसरून वावभर वावभर मोजला. दुपारी वाळकी फांदी तुकड्या-तुकड्याने खाली आली, छपराचं एक कौलही हललं नाही.

पुढच्या आठवड्यात ती मामांशिवाय कामावर निघाली. मामा दारात उभे. तोंड उघडलं आणि मिटलं. आदल्या संध्याकाळी दोर त्यांनीच पिशवीत भरून ठेवला होता.

फाटकापाशी पिशवी खांद्यावर घेत तिनेच मागे वळून विचारलं, “मोजलात ना, मामा?”

“मोजला.”

“तिरका?”

“तिरका,” मामा म्हणाले. दोनदा मोजला होता, ते काही सांगितलं नाही.