फ्रिंजेस दिसल्या नाहीत

अश्विनीच्या उत्तरपत्रिकेवर रीडिंगचा तक्ता कोरा होता. खाली एकच ओळ होती : ‘फ्रिंजेस दिसल्या नाहीत.’ एक्स्टर्नल सरांनी ती दोनदा वाचली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

शिरपूरजवळच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती, दुपारची बॅच. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक. हे जळगावहून आले होते. कमी बोलणारे, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. याच टेबलावर सकाळी चौघांनी हाच प्रयोग करून पुस्तकाशी तंतोतंत जुळणारं उत्तर काढलं होतं. मग हिलाच का जमू नये? तक्ता कोरा, तर मार्कही नाहीत.

अश्विनी धरणगावची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिला एम.एस्सी. करायचं होतं, आणि प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली असती तर वर्ष गेलं असतं. ती टेबलाशी हात बांधून उभी होती. रडत नव्हती. मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

प्रयोग असा. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड एका बारीक फटीतून सोडायचा. तिला स्लिट म्हणतात. पुढे काचेचा चपटा प्रिझम असतो, तो त्या एका उजेडाचे दोन करतो. ते दोन पुढे एकमेकांत मिसळतात आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, पिवळ्या-काळ्या पट्ट्या दिसतात. त्या फ्रिंजेस. त्यांच्यातलं अंतर मोजलं की उजेडाच्या लाटेची लांबी काढता येते.

मी आयपीसला डोळा लावला. नुसता पिवळा उजेड. प्रिझम फिरवून पाहिला, स्लिटचा स्क्रू आवळून पाहिला. काही नाही. शेवटी नानांना हाक मारली. नाना आमचे लॅब अटेंडंट. मी नोकरीला लागलो तेव्हा ते आधीपासूनच तिथे होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्लिटच्या कडेला बोट लावलं.

“सर, हाई पातं अटकेल शे. स्क्रू नुसता फिरस.”

म्हणजे स्लिटचं पातं अडकलं होतं, आणि स्क्रू फिरवूनही फट उघडीच राहिली होती. रुंद फट ही शेजारी शेजारी ठेवलेल्या अनेक बारीक फटींसारखी असते. प्रत्येकीच्या पट्ट्या थोड्या सरकलेल्या. एकीचा काळोख दुसरीच्या उजेडाखाली बुजतो आणि सगळं सारखंच पिवळं दिसतं.

नानांनी मशीनचं तेल आणायला कपाटाकडे पाय वळवले. एक्स्टर्नल सर माझ्याकडे बघत राहिले. पातं काही आजच गंजलेलं नव्हतं, सकाळीही ते अडकलेलंच असणार. मग सकाळच्या चौघांनी मोजलं काय? त्यांनी जुन्या जर्नलमधली रीडिंग्ज पाठ करून उतरवली होती हे उघड होतं, आणि प्रत्येक कागदावर सुपरव्हिजनची माझी सही होती. मी आयपीसमध्ये एकदाही डोकावलो नव्हतो. तसं मी सरांना सांगून टाकलं. ते अश्विनीकडे वळले आणि तोंडी परीक्षा सुरू केली.

उजेडात उजेड मिसळून काळोख कसा होतो, असं त्यांनी विचारलं. तिने विहिरीत टाकलेल्या दोन दगडांचं सांगितलं. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर आला की पाणी तिथे सपाट राहतं. मग सरांनी विषय वाढवला. दोन फटींपुढे एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला तर?

“एक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका देतो, सर. पण असे हजारो सोडले की त्या ठिपक्यांतून पट्ट्या तयार होतात.”

“आणि कुठल्या फटीतून गेला ते पाहायची सोय केली तर?”

“मग पट्ट्या जातात.”

“का जातात?”

“गणित सांगता येईल, सर. पण आत नेमकं काय होतं ते माहीत नाही. आमच्या सरांनाही माहीत नाही. त्यांनी वर्गात तसं सांगितलं होतं.”

सर हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मलाही नाही.”

तेवढ्यात नानांनी पातं मोकळं केलं. अश्विनीने फट हळूहळू मिटत आणली, प्रिझम सरळ केला, आणि मग आयपीसवरून डोळा काढेना. शेवटी सरांनीच बाजूला व्हायला सांगितलं. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. नानांना आग्रह करावा लागला. इतकी वर्षं ते यंत्र पुसून ठेवत होते, पण परीक्षेच्या दिवशी त्यांना कुणी आत बघायला बोलावलं नव्हतं. ते बराच वेळ वाकून होते.

तिला जास्तीचा अर्धा तास मिळाला. उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं नाही, थोडं खाली आलं. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली. सकाळच्या चौघांना फोन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग पुन्हा केला. एक जण गावी जायला शिरपूरच्या स्टँडवर पोचला होता, त्याला तिथून परत यावं लागलं; त्याने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाळलं. अश्विनी आता एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

फार अचूक उत्तर आलं की मी हल्ली आधी यंत्र तपासतो, मग सही करतो.