इस्त्रीचे पंधरा अर्ज

कॉलेजच्या फाटकासमोर दीड माणूस मावेल एवढी टपरी, तिच्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अर्जमामा. प्रवेशाचे अर्ज भरून देणं हा त्यांचा धंदा. मी शेजारीच बायंडिंग करतो, त्यामुळे त्यांचे सगळे उद्योग मला ठाऊक.

यंदा कॉलेजला सद्बुद्धी झाली. लहानपणापासून महागडे क्लास लावलेली मुलंच दरवर्षी पुढे जातात, म्हणून दहा गुण वेगळे काढले: ‘घरच्या अडचणींतून कसे शिकलात, ते लिहा.’ झालं! गाडीतून उतरणारी पोरं मामांपुढे रांगेत उभी. बिचाऱ्यांना अडचणच नव्हती. एकाला फार खोदून विचारलं, तेव्हा दोन दिवस वाय-फाय बंद होतं, एवढं आठवलं.

मामांना दया आली. फुकट नव्हे, अर्थात. त्यांनी घरातलंच उचलून दिलं. मामी लोकांचे कपडे इस्त्री करून देतात, लेक शाळेआधी त्यांना हातभार लावते आणि इस्त्रीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर सूत्रं चिकटवून पाठ करते. कुणाला भिंत दिली, कुणाला कपाटाचं दार. असे चौदा अर्ज गेले. आपली लेक स्वतःचा अर्ज स्वतः भरेल आणि त्यात खरं तेच लिहील, हे मात्र त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

आठवड्यात तिला बोलावणं आलं: तुमचा मजकूर नक्कल केलेला आहे. पोर काठावर होती, ते दहा गुण गेले की प्रवेश गेला. मामांचा चेहरा पांढराफटक. मी असा भडकलो, की डिंकाचा डबाच आपटला.

"बसलात काय? जा, कबूल करा!"

गेले, आणि हात जोडून सगळं ओकले.

पण प्रवेश बघणाऱ्या मॅडम वस्ताद. "खरं कोण, ते मीच बघते," म्हणाल्या. पंधराही जणांना एकेकटं आत बोलावून एकच प्रश्न विचारला, "शर्टाला इस्त्री कुठून सुरू करायची?"

एक म्हणाला, "खिशापासून." एकीने सांगितलं, "बटण दाबून." एक फारच प्रामाणिक निघाला, "ॲपवरून."

लेक म्हणाली, "कॉलरपासून, उलट्या बाजूने. पण मॅडम, त्याआधी खिसे तपासायचे. लोक काय काय विसरतात!"

तिला दहापैकी नऊ मिळाले. बाकी चौदा जणांना शून्य, तरी क्लासच्या गुणांवर सगळेच्या सगळे आत! मला ते अजून पचलेलं नाही. पण आमची पोर आत गेली, म्हणून गप्प बसलो.

पहिल्या दिवसाची गोष्ट तिनेच येऊन सांगितली. शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्या कानाशी लागली, "तुलाही मामांनी इस्त्रीचंच दिलं होतं ना?"

"हो."

"कितीला?"

"मला फुकटच मिळालं."

"नशीबवान आहेस बाई!" ती म्हणाली, आणि तिला खरोखरच हेवा वाटला होता.